सात प्रकार, दहा प्रकार, एकच गुणपत्रक: हेप्टॅथलॉन आणि डेकॅथलॉनची वाट धरणाऱ्यांसाठी

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉनचं, म्हणजे पुरुषांच्या दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्ण दोन मित्रांपैकी एकाला मिळणार होतं. तैवानचा यांग च्वान-क्वांग आणि अमेरिकेचा रेफर जॉन्सन दोघेही लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात एकाच प्रशिक्षकाकडे घडलेले. दहापैकी सात प्रकारांत यांग जॉन्सनच्या पुढे राहिला. तरीही सुवर्ण जॉन्सनला मिळालं, ८३९२ विरुद्ध ८३३४ गुणांनी. गोळा, थाळी आणि भाला या तीनच प्रकारांत जॉन्सन सरस होता, पण तिथे त्याने एवढी आघाडी घेतली की बाकीचे सात प्रकार मिळूनही ती भरून निघाली नाही.

बहुप्रकारी स्पर्धेचं सगळं मर्म या निकालात आहे. इथे कोण किती प्रकार जिंकलं याला किंमत नाही, प्रत्येक प्रकारातून किती गुण वसूल झाले याला आहे. आपल्याकडे शाळेत एखादी मुलगी धावते चांगली, उडीही बरी मारते, गोळाही फेकते, पण कशातच जिल्ह्यात पहिली येत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते हेप्टॅथलॉनसाठी, म्हणजे स्त्रियांच्या सात प्रकारांच्या स्पर्धेसाठी, शोधायची मुलगी नेमकी हीच. तिच्यासाठी, तिच्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि आईवडिलांसाठी हा लेख आहे.

आधी थोडा इतिहास

प्राचीन ऑलिम्पिकमध्ये पेन्टॅथलॉन आलं इसवी सनपूर्व ७०८ मध्ये. पहिला विजेता स्पार्टाचा लॅम्पिस. धावणं, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती असे पाच प्रकार होते. लांब उडी मारताना हातात दगडाची किंवा धातूची वजनं धरायचे, आणि भाल्याला चामड्याची वादी गुंडाळून तिच्यात बोटं अडकवून तो फेकायचे. शरीर सर्व बाजूंनी घडलेलं असतं म्हणून पेन्टॅथलॉनचे खेळाडू सर्वात देखणे, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे.

आधुनिक डेकॅथलॉन ऑलिम्पिकमध्ये आलं ते १९१२ च्या स्टॉकहोममध्ये. त्याआधी १९०४ मध्ये सेंट लुईसला दहा प्रकारांची एक ‘ऑल-राउंड’ स्पर्धा एकाच दिवसात उरकली होती. स्टॉकहोमला अमेरिकेच्या जिम थॉर्पने पेन्टॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकली. पुढच्याच वर्षी त्याची पदकं काढून घेतली गेली. कारण काय, तर तो पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव ऑलिम्पिक समितीने पुन्हा मान्य केलं २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास सत्तर वर्षांनी. एवढा उशीर अक्षम्य आहे.

स्त्रियांना बराच काळ थांबावं लागलं. १९६४ च्या टोकियोत त्यांच्यासाठी पाच प्रकारांचं पेन्टॅथलॉन आलं आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून त्याची जागा सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनने घेतली. ते पहिलं हेप्टॅथलॉन ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिने ६३९० गुणांनी जिंकलं. दुसरी आली जॅकी जॉयनर, ६३८५ गुण. फरक पाच गुणांचा, म्हणजे ८०० मीटरमध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी. चार वर्षांनी सोलमध्ये तिनेच, आता जॅकी जॉयनर-कर्सी या नावाने, ७२९१ गुण मिळवले.

पोहणं, सायकल आणि धावणं असलेलं ट्रायथलॉन वेगळं. आपल्याकडे पुण्या-कोल्हापुरात आयर्नमनची हौस वाढली आहे, तो त्याच घराण्यातला. तलवारबाजी आणि नेमबाजी असलेलं मॉडर्न पेन्टॅथलॉनही वेगळं. हा लेख मैदानी स्पर्धांपुरता.

पायरी पहिली: क्रम पाठ करा

क्रम ठरलेला असतो आणि सरावही त्याच क्रमाने करायचा असतो, म्हणून तो डोक्यात पक्का बसायला हवा.

हेप्टॅथलॉन, पहिला दिवस: १०० मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसरा दिवस: लांब उडी, भालाफेक, ८०० मीटर.

डेकॅथलॉन, पहिला दिवस: १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसरा दिवस: ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक, १५०० मीटर.

खुल्या गटात पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, थाळी २ किलो, भाला ८०० ग्रॅम. स्त्रियांचा गोळा ४ किलो आणि भाला ६०० ग्रॅम. अठरा वर्षांखालील मुलींना ३ किलोचा गोळा, ५०० ग्रॅमचा भाला आणि ७६.२ सेंटिमीटरचे अडथळे, त्याच वयाच्या मुलांना ५ किलोचा गोळा, दीड किलोची थाळी आणि ७०० ग्रॅमचा भाला असतो. शाळेत पडून असलेला कुठलाही गोळा उचलून सराव करू नका. वजन चुकलं की फेकण्याची लय चुकते आणि खांदा दुखावतो.

पायरी दुसरी: गुण कसे मिळतात ते स्वतः काढून पाहा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. बहुतेक खेळाडू गुणतक्ता फक्त निकालाच्या कागदावर बघतात, आणि तिथेच नुकसान होतं.

प्रत्येक प्रकाराला तीन ठरलेले आकडे आहेत. धावण्यात एका ठरलेल्या वेळेतून तुमची वेळ वजा करायची. उडी आणि फेकीत तुमच्या कामगिरीतून एक ठरलेलं अंतर वजा करायचं. येईल त्या आकड्याचा ठरलेला घात काढायचा, त्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचं आणि दशांश सोडून द्यायचे. पुरुषांच्या १०० मीटरचे आकडे १८, १.८१ आणि २५.४३४७. वेळ ११.०० सेकंद असेल तर १८ मधून ११ गेले, उरले ७. सातचा १.८१ वा घात साधारण ३३.८६, त्याला २५.४३४७ ने गुणलं की ८६१ गुण. मोबाईलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे. उड्यांमध्ये सेंटिमीटर धरायचे, फेकींमध्ये मीटर. हाताने वेळ घेतली असेल तर अडथळा शर्यतीला आणि १००-२०० मीटरला ०.२४ सेकंद, ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवा आणि मगच गुण काढा, नाहीतर घरच्या मैदानावर फुगलेले गुण राज्य स्पर्धेत दगा देतात.

आता एका मुलीचं नमुन्यादाखल गुणपत्रक बघू, खुल्या गटाच्या मापांनी.

अडथळा शर्यत १५.५० सेकंद: ७७७
उंच उडी १.५५ मीटर: ६७८
गोळाफेक १०.०० मीटर: ५२९
२०० मीटर २६.५० सेकंद: ७५४
लांब उडी ५.२० मीटर: ६१४
भालाफेक ३०.०० मीटर: ४७७
८०० मीटर २ मिनिटं ३० सेकंद: ६९३
एकूण: ४५२२

ही मुलगी मुळात धावपटू आहे, हे आकडेच सांगतात. तिच्या सरांचा कल २०० मीटरवर आणखी मेहनत घेण्याकडे जाईल. समजा संपूर्ण मोसम घालवून तिने २०० मीटरमध्ये ०.३० सेकंद कमी केले. गुण ७५४ वरून ७८० होतील, फायदा २६ गुणांचा. तेवढ्याच काळात भाला ३० वरून ३५ मीटरवर गेला तर ९५ गुण वाढतात. गोळा १० वरून ११ मीटरवर गेला तर ६६. ८०० मीटर २:३० वरून २:२५ वर आली तर ६४. तीन मिळून २२५. भाल्यातले पाच मीटर नवशिकीला ताकदीपेक्षा तंत्रातूनच मिळतात: शेवटच्या पावलाला डावा पाय ताठ रोवणं, कोपर वर ठेवणं, भाल्याचं टोक भरकटू न देणं.

मुलांच्या बाबतीत हेच काम बांबू उडी करते. ३.०० मीटरला ३५७ गुण आहेत आणि ४.०० मीटरला ६१७, म्हणजे एका मीटरमागे २६० गुण. उलट १०० मीटरमध्ये ११.४० वरून ११.०० वर यायला वर्षं जातात आणि मिळतात ८७ गुण.

पायरी तिसरी: आठवड्याची घडी

सात किंवा दहा प्रकारांना आठवड्यात समान दिवस वाटून देणं ही सर्वात मोठी चूक. प्रकारांचे गट पाडा. सोमवारी अडथळे आणि त्यानंतर गोळा, मंगळवारी उंच उडी आणि छोटे वेगाचे पल्ले, बुधवारी हलकं धावणं आणि ताणाचे व्यायाम, गुरुवारी लांब उडी आणि तिच्या मागोमाग भाला, शुक्रवारी २०० ते ६०० मीटरचे तुकडे. शनिवारी स्पर्धेच्या क्रमातले कोणतेही दोन-तीन प्रकार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, रविवारी पूर्ण विश्रांती.

शनिवारचा सराव कधीही चुकवू नका. ताज्या पायांनी मारलेली लांब उडी आणि आदल्या संध्याकाळी २०० मीटर जीव तोडून धावल्यावर सकाळी मारलेली लांब उडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आखडलेल्या पायांनी पावलं आखूड पडतात आणि रनअप (उडीआधीची धाव) बोर्डाच्या, म्हणजे उडी घेण्याच्या फळीच्या, अलीकडेच संपतो. म्हणून रनअपच्या दोन खुणा वहीत लिहून ठेवा, एक ताज्या पायांची आणि एक थकलेल्या पायांची. टेपने मोजून, बोर्डापासून किती मीटर किती सेंटिमीटर, वाऱ्याची दिशा काय, हे सगळं लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर थकलेल्या पायांची खूण लावून एक रनअप करून बघायचा आणि पाय बोर्डापासून किती दूर पडतो त्यावर खूण सरकवायची. पायांनी मोजलेल्या अंदाजावर विसंबू नका.

बांबू उडीबद्दल कडक शब्दांत सांगतो. गाद्यांचा नीट लँडिंग पिट नसेल आणि शेजारी जाणता प्रशिक्षक उभा नसेल, तर सराव करूच नका. पोलवर वजनाची मर्यादा छापलेली असते, आपल्या वजनापेक्षा कमी मर्यादेचा पोल हातात घेऊ नका. पुण्यात बालेवाडीसारख्या सिंथेटिक ट्रॅक असलेल्या संकुलात जाऊन महिन्यातून काही दिवस सराव करणं हे गावच्या वाळूच्या खड्ड्यात जीव धोक्यात घालण्यापेक्षा कितीतरी बरं.

पायरी चौथी: इथले वेगळे नियम

एकेरी प्रकारांचे बहुतेक नियम इथेही लागू होतात, पण काही ठिकाणी फरक आहे आणि गुण नेमके तिथेच जातात.

लांब उडी आणि सर्व फेकींत प्रयत्न फक्त तीन. एकेरी स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचणाऱ्याला सहा मिळतात, त्याची सवय झालेली मुलं इथे पहिले दोन फाऊल करून बसतात. पहिला प्रयत्न सुरक्षित, बोर्डाच्या थोडं अलीकडून. गुण खात्यात पडले की दुसऱ्यात जोर लावा. २०१८ मध्ये बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सच्या केविन मायेरने लांब उडीत तिन्ही फाऊल केले आणि त्याची स्पर्धा तिथेच आटोपली. महिनाभराने तालांसला त्याच मायेरने ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला. एवढ्या ताकदीच्या खेळाडूची ही गत, तर आपण सावध राहायलाच हवं.

उंच उडीत आडवी पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३-३ सेंटिमीटरने वर जाते, बांबू उडीत १०-१० सेंटिमीटरने. लागोपाठ तीन अपयश आले की प्रकार संपला. सुरुवातीची उंची निवडताना हिशेब करा. स्त्रियांच्या उंच उडीत १.७० ला ८५५ आणि १.७३ ला ८९१ गुण आहेत, एका पायरीला ३६ गुण. पण फार वरून सुरुवात केली आणि एकही उंची पार झाली नाही तर शून्य. अमेरिकेचा डॅन ओब्रायन १९९२ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत आघाडीवर होता. बांबू उडीत खालच्या उंच्या सोडून त्याने वरून सुरुवात केली, तिन्ही प्रयत्न हुकले आणि बार्सिलोनाची संधी गेली. चार वर्षांनी अटलांटात सुवर्ण मिळालं, पण मधली चार वर्षं परत मिळत नाहीत.

धावण्याच्या शर्यतीत चुकीची सुरुवात एकदा माफ असते. ती माफी संपूर्ण शर्यतीसाठी एकच. पहिली चूक कुणीही करो, त्यानंतर जो चुकेल तो त्या शर्यतीतून बाद. शेजारच्याने पहिली चूक केली असेल तर दुसऱ्या वेळी बंदुकीचा आवाज ऐकूनच निघा. शंभराव्या हिश्श्यांसाठी सगळ्या शर्यतीचे गुण घालवू नका.

एखाद्या प्रकारात शून्य मिळालं तरी पुढे खेळता येतं. मात्र एखाद्या प्रकारात सुरुवातच केली नाही, एकही प्रयत्न केला नाही, तर पुढच्या प्रकारांत उतरता येत नाही आणि अंतिम क्रमवारीतून नाव जातं. पाय दुखतोय म्हणून गोळा सोडून द्यावा आणि थेट २०० मीटरला यावं, असं चालत नाही. दुखापत गंभीर असेल तर स्पर्धा सोडा. किरकोळ असेल तर निदान एक उभ्याने फेक करून या.

दोन प्रकारांमध्ये शक्यतो किमान ३० मिनिटं आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान १० तासांची विश्रांती ठेवायची असते. छोट्या स्पर्धांत वेळापत्रक घसरलं की आयोजक घाई करतात. अशा वेळी प्रशिक्षकाने नम्रपणे पण ठामपणे नियम दाखवावा.

पायरी पाचवी: ते दोन दिवस

पहिल्या दिवशी पहाटे उठण्यापासून शेवटच्या शर्यतीपर्यंत आठ-दहा तास सहज जातात. प्रत्यक्ष धावणं, उड्या आणि फेकी धरून श्रमाची मिनिटं थोडी, बाकी सगळं थांबणं. थकवा त्या थांबण्यातूनच येतो, विशेषतः आपल्याकडच्या उन्हात. छत्री, ओला पंचा, मिठा-साखरेचं लिंबूपाणी, केळी, खजूर, थोडा दहीभात, सुके कपडे, मोज्यांचे जास्तीचे जोड, टेप, खडू, सेफ्टी पिना आणि स्पाइक्सचे जास्तीचे खिळे आदल्या रात्री पिशवीत भरा. नवीन बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. बूट किती महत्त्वाचे असतात ते स्वप्ना बर्मनला विचारावं. जलपायगुडीच्या या मुलीला दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, साध्या बुटांत पाय चेपायचे. तशाच पायांनी, दाढ दुखत असल्यामुळे गालाला पट्टी लावून, तिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ६०२६ गुणांसह हेप्टॅथलॉनमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं.

प्रत्येक प्रकार संपला की वहीत गुण मांडा आणि पान उलटा. उंच उडी बिघडली म्हणून गोळ्याच्या वर्तुळात रडवेल्या चेहऱ्याने गेलेली मुलगी दोन प्रकार गमावते. गुण मांडून झाल्यावर एकच प्रश्न विचारायला शिकवा: पुढच्या प्रकारात पहिला प्रयत्न किती?

शेवटची शर्यत आणि त्यानंतरचा अर्धा तास

८०० किंवा १५०० मीटरला बहुतेक जण उरलीसुरली ताकद लावून कशीबशी शर्यत संपवतात. इथे हिशेब कामाला येतो. पुरुषांच्या १५०० मीटरमध्ये ४:३० ला ७४५ आणि ४:४० ला ६८० गुण, म्हणजे सेकंदाला साडेसहा. स्त्रियांच्या ८०० मीटरमध्ये २:१५ ला ८९३ आणि २:१६ ला ८७९, सेकंदाला चौदा. तुमच्या पुढच्या खेळाडूशी अंतर २८ गुणांचं असेल, तर ८०० मीटरमध्ये तिला साधारण दोन सेकंदांनी मागे टाकलं की बरोबरी. रोममध्ये हेच झालं. शेवटच्या १५०० मीटरआधी जॉन्सन ६७ गुणांनी पुढे होता. सुवर्णासाठी यांगला त्याला सुमारे दहा सेकंदांनी मागे टाकायला हवं होतं. जॉन्सनने यांगची सावली सोडली नाही आणि त्याच्यामागे अवघ्या १.२ सेकंदांनी शर्यत संपवली. भारताच्या तेजस्विन शंकरने हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत डेकॅथलॉनचं रौप्य मिळवताना ७६६६ गुण केले आणि भरतिंदर सिंगचा ७६५८ गुणांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आठ गुणांचा फरक, १५०० मीटरच्या भाषेत सेकंद-सव्वा सेकंद.

म्हणून शेवटच्या शर्यतीआधी प्रशिक्षकाने कागदावर तीनच गोष्टी लिहून द्याव्यात: पुढे कोण आणि किती सेकंदांवर, मागे कोण आणि किती सेकंदांवर, पहिली फेरी किती वेळात. शर्यत झाली की सगळे खेळाडू मिळून मैदानाला एक फेरी मारतात, ती जरूर मारा. पण त्यानंतर लगेच बूट काढून घरी निघू नका. निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत पंचप्रमुखांकडे तक्रार नोंदवता येते, ती वेळ गेली की गेली. स्वतःच्या वहीतले आकडे आणि निकालपत्रक एकेका प्रकाराचे गुण जुळवत ताडून बघा: वेळ बरोबर उतरली आहे का, फेकीचं सर्वोत्तम अंतर घेतलं आहे का, खुल्या गटाच्या गुणतक्त्यात चुकून दुसऱ्या प्रकाराची ओळ वाचली गेली नाही ना, आणि बेरीज बरोबर आहे का.